कुंपणाबाहेरची माती

सिस्टर, दवाखान्यामागच्या कब्रस्तानाची रस्त्याकडची भिंत गेल्या आठवड्यात पाडली. रस्ता रुंद करताहेत. सूरजागडच्या डोंगरातून लोखंडाचा दगड भरून ट्रक येतात, एकामागे एक येतात, आणि त्यांच्या धुळीनं दोन्ही बाजूंची झाडं लाल होऊन गेली आहेत. पानावर बोट फिरवलं तर बोटाला गेरू लागतो. तुमच्या वेळी याच रस्त्यानं एखादी एसटी आली तर आपण दोघी हातातलं काम ठेवून खिडकीतून पाहायचो, कोण उतरलं म्हणून. भिंतीच्या आतल्या ज्या कबरी रस्त्यात येत होत्या त्या नव्या फादरनं रीतसर मागे घेतल्या. पण भिंतीच्या बाहेर, मोहाच्या झाडाखाली जी पट्टी होती तिचं काय करायचं ते कोणाला कळेना, कारण तिथे काय आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. तिथे ना दगड होता ना क्रूस. स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या बाईनं फादरला सांगितलं की इथं लेकरं आहेत. मग त्यानं माझा नंबर शोधून राजुऱ्याला फोन केला. मी तांदूळ निवडत होते. तो म्हणाला, आजी, तुमची मुलगी तिथे आहे असं कळलं, तुम्ही येता का. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल 'आहे' असं कोणी बोललं नव्हतं. मी पोराला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आष्टीमार्गे निघाले.

तिथे जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते सांगता येत नाही. आधीचं तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते. तुम्ही ते तुमच्या बाजूनं पाहिलं होतं. माझ्या बाजूनं ते कसं होतं हे मी तुम्हाला कधी बोलले नाही.

मी तुमच्याकडे आया म्हणून लागले तेव्हा माझं नवंनवं लग्न झालेलं होतं. नवरा लाकडाच्या डेपोत कामाला होता, आणि दवाखान्याच्या आवारात तुम्ही आम्हाला एक खोली दिली होती. तुम्ही केरळच्या, पण मराठी तुम्ही बाळंतिणींकडून शिकलेल्या, त्यामुळे तुमच्या तोंडी आमच्या झाडीपट्टीचीच बोली होती, फक्त ती थोडी गाण्यासारखी वरखाली जायची. एकदा नागपूरचा मोठा डॉक्टर तपासायला आला आणि तुम्ही त्याला म्हणालात, 'काऊन उभे राह्यले भाऊ, बसा ना बाप्पा.' त्याला हसू आवरेना. तुम्हाला वाटलं खुर्ची मोडकी आहे म्हणून हसतो, तुम्ही दुसरी आणवली. मला तुम्ही कधी काही शिकवायला बसवलं असं नाही. मी चौथीत शाळा सोडलेली, वाचणं गंजून गेलेलं. औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं लावत लावत मी ते परत उजळवलं, मग भिंतीला लावलेले जुने पेपर वाचले, मग तुमच्या कपाटातली पुस्तकं. कपाटाला कुलूप नव्हतं. एकदा तुम्ही मला पुस्तक उघडून बसलेली पाहिलंत आणि फक्त एवढंच म्हणालात, 'हात पुसून घेत जाय वं, पानाले तेल लागते.'

त्या पुस्तकांत एक पातळ पुस्तक तुमच्या धर्मात येणाऱ्यांसाठीचं होतं, प्रश्न आणि उत्तरं असलेलं. त्यात मूळ पाप हा शब्द मी पहिल्यांदा वाचला. पहिल्या बाईनं आणि पहिल्या पुरुषानं देवाचं ऐकलं नाही, मनाई केलेलं फळ खाल्लं, आणि तेव्हापासून जन्माला येणारं प्रत्येक लेकरू ते पाप घेऊनच येतं. मी ते परत परत वाचलं. आपण दोघी मागच्या पडवीत सुया आणि कात्र्या उकळत होतो. मी विचारलं, 'सिस्टर, फळ त्या दोघांनं खाल्लं, तं पोट लेकराचं काऊन दुखते?' तुम्ही चिमटा हातात घेऊन इतक्या हसलात की उकळतं पाणी सांडलं. मग म्हणालात की हा प्रश्न मोठ्या मोठ्या माणसांनी विचारला आहे, पण असा कोणी विचारला नसेल.

पुढे मी ती गोष्टही वाचली. देव विचारतो, फळ का खाल्लं, तर तो पुरुष म्हणतो हिनं दिलं म्हणून. मला वाटलं, डेपोतली माणसंसुद्धा घरी उशिरा आल्यावर असंच काहीतरी सांगतात. पण हसण्यासारखं तेवढंच होतं. बाकीचं घशाखाली उतरेना. का उतरेना ते तुम्हाला नीट कळलं होतं असं मला वाटत नाही. माझ्या सासऱ्याच्या लहानपणी गावाच्या विहिरीला आमच्या लोकांना हात लावायची सोय नव्हती. खाली ओंजळ धरून बसायचं, वरून कोणी ओतलं तर प्यायचं. का, तर मागच्या जन्मी पाप केलं म्हणून या घरात जन्म मिळाला. तो माणूस नागपूरला दीक्षेला गेला आणि परत येऊन त्यानं घरातले देव नदीत सोडले. तो म्हणायचा, मी धर्म बदलला नाही, मी ते पाप परत केलं, ज्याचं त्याला. अशा घरात मी सून म्हणून आले. आणि तुमचं पुस्तक म्हणत होतं की लेकरू येतं तेच डागी येतं. गावातले म्हणायचे मागच्या जन्माचं, तुम्ही म्हणायच्या पहिल्या बापाचं. दोन्हीकडे लेकराचं स्वतःचं असं काही नव्हतंच.

नवऱ्याला मी हे जेवताना सांगितलं. तो म्हणाला, 'एका खड्ड्यातून निघालो, आता हे दुसरा दाखवून राह्यले. तू कामाशी काम ठेव.' मी ते जसंच्या तसं तुम्हाला सांगितलं, कारण तेव्हा माझ्या पोटात काही राहत नसे. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही पट्ट्या गुंडाळत होता. म्हणालात, 'तुमच्या गावात काही लोक घाण आणि काही साफ. आमच्यात तसं नाई. आमच्यात सुटका कोणालेच नाई. पाटलाले नाई, फादरले नाई, मले नाई.' हे मात्र मला आवडलं. सगळ्यांनाच डाग असेल तर बोट कोण कोणाकडे दाखवणार. मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा नवरा हसला आणि म्हणाला, 'सगळेच घाण, तं धुणार कोण?' तो चौथीही शिकलेला नव्हता. त्याचं उत्तर तुम्ही मला महिनाभरानं दिलंत, न विचारता.

तुम्ही जंगलातल्या गावांना जाणार होता, पावसाळ्याआधीच्या फेरीला. जायच्या आधी मला बाळंतिणीच्या खोलीत बोलावलंत, हातात पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणालात की माझ्यामागे एखादं लेकरू चाललं, वाचायची आशा नसली, आणि आई हो म्हणाली, तर डोक्यावर तीनदा पाणी सोड आणि हे एवढं वाक्य म्हण. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, या तीन नावांचं ते वाक्य तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलंत. मी म्हटलं, सिस्टर, मी तर तुमच्यातली नाही, बाप्तिस्मा झालेली नाही. तुम्ही म्हणालात की अडीनडीला कोणीही देऊ शकतं, फक्त मनात खोट नको. मी विचारलं, 'माह्या हातचं चालते?' तुम्ही म्हणालात, 'चालते. पाणी हात पाहत नाई.'

तुम्ही ते सहज बोललात, आणि दुसऱ्या कामाला लागलात. मी तिथेच ग्लास धरून उभी राहिले. ज्या घरात मी जन्मले त्या घराच्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं, आणि तुम्ही म्हणत होता की त्याच हातच्या पाण्यानं एका लेकराचा, तुम्हाला जगातला सगळ्यात मोठा वाटणारा, डाग जातो. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता त्या गोष्टीतच मला असा मान मिळाला होता जसा मला कुठेच मिळाला नव्हता. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. माझ्या पोटात राहिलेली ती पहिली गोष्ट.

आणि तुमची अट मला आजही पाठ आहे. आईला विचारल्याशिवाय थेंबसुद्धा नाही. तुम्ही म्हणालात, लपून टाकलेलं पाणी म्हणजे चोरी, आणि चोरी करून कोणाला स्वर्गात नेता येत नाही.

तुम्ही त्या फेरीला गेलेल्या असतानाच एक माडिया बाई दवाखान्यात आली, दोन दिवस चालत, पोट घेऊन. लेकरू झालं ते निळं. मी होते आणि ती होती. मी तिला विचारलं, हातांनी आणि मोडक्यातोडक्या गोंडीत. तिनं माझ्याकडे, मग ग्लासाकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाली, पानी ही तो है, डाल. मी सोडलं. वाक्य म्हटलं. लेकरू गेलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तुम्ही आल्यावर मी सांगितलं तेव्हा तुम्ही माझे दोन्ही हात हातात घेतलेत आणि बराच वेळ सोडले नाहीत. बाप्तिस्मा झालेलं म्हणून ते लेकरू कब्रस्तानाच्या भिंतीच्या आत गेलं. माझ्या हातानं आत गेलं.

मग माझी मुलगी झाली. तुमच्याच हातात झाली. तिचं बाळपण तुम्हाला सांगायला नको, ती तुमच्या झग्याला धरूनच उभी राहायला शिकत होती. ती सहा-सात महिन्यांची असताना तिचे हातपाय फुगले. बायका म्हणाल्या, किती गुबगुबीत पोट्टी आहे. तुम्ही मात्र तिची बोटं दाबून पाहिलीत, ती कळवळली, आणि तुमचा चेहरा उतरला. तुम्ही तिचं रक्त चंद्रपूरला पाठवलंत, मग माझं आणि नवऱ्याचं. सिकल हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणाला माहीत नव्हता. आज आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. तुम्ही आम्हाला दोघांना बाकावर बसवून समजावलंत की रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, मग अडकतात, मग दुखतं. तुम्हा दोघांत ते अर्धं अर्धं आहे, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तिच्यात दोन्हीकडून आलं. नवरा म्हणाला, 'म्हणजे आमीच देल्लं?' तुम्ही म्हणालात, 'तुमाले कोणी देल्लं, तुमच्या आईबापाले कोणी. चूक कोणाची नाई.'

तेव्हाच तुमच्या मनात ते आलं असणार. दुसऱ्या दिवशी पडवीत तुम्ही मला म्हणालात, आता समजलं का, मी तुला काय सांगत होते ते. फळ एकानं खायचं आणि पोट दुसऱ्याचं दुखायचं ते असं. तुम्ही वाईट मनानं बोलला नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. तुम्हाला वाटलं, मला अर्थ लागला तर आधार होईल. पण सिस्टर, मी चुलीपाशी बसले होते, मुलगी मांडीवर होती, आणि मला वाटलं की कोणीतरी माझ्या सासऱ्याच्या ओंजळीतलं पाणी परत सांडून दिलं. मी भांडी घेऊन विहिरीवर गेले. भांडी घासता घासता मला जे सुचलं ते आजपर्यंत बदललेलं नाही. दुखणं वारशानं येतं, हे खरं. मी ते माझ्या पोटच्या पोरीला दिलं, हेही खरं. पण दुखणं आणि पाप एक नव्हे. दुखण्याला कोणी माफी मागायला लावत नाही.

ती गेली ती दुपारची वेळ होती, उन्हाळ्याची. सकाळपासून ताप होता आणि पोट डाव्या अंगाला दगडासारखं झालं होतं. ओठ पांढरे पडले होते. तिला रक्त लागणार होतं आणि रक्त होतं चंद्रपूरला. नवरा डेपोची जीप आणायला पळाला होता. मी तिच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होते. तुम्ही आलात, तुमच्या हातात तोच स्टीलचा ग्लास. तुम्ही काही लपवलं नाहीत. माझ्यासमोर गुडघ्यावर बसलात, सिस्टर, माझ्यापेक्षा तुम्ही कितीतरी मोठ्या, आणि म्हणालात, 'टाकू?'

मी म्हटलं, 'नका टाकू. तिच्यात काई नाई.'

तुम्ही परत विचारलंत. तुम्ही म्हणालात, तुला काही व्हायला सांगत नाही, तू बौद्धच राह्य, फक्त तिच्यासाठी. तुमचा आवाज कापत होता. माडिया बाईच्या लेकराला मी स्वतःच्या हातानं टाकलं होतं, हे तुम्ही म्हणाला नाहीत, पण ते आपल्या दोघींच्या मध्ये होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे आता आहे. तिच्यासाठी ते पाणीच होतं. माझ्यासाठी ते हो म्हणणं होतं. मी हो म्हटलं असतं तर माझ्या पोरीत धुण्यासारखं काही होतं, हे मी तिच्या मरणाच्या वेळी कबूल केलं असतं. मी परत नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, 'बरं. नाई टाकत.' आणि ग्लास खिडकीत ठेवलात. तुमचा ठाम विश्वास होता की पाण्याशिवाय गेलेलं लेकरू देवाला पाहू शकत नाही, कधीच नाही, आणि तरी तुम्ही ग्लास खिडकीत ठेवलात. तेव्हा मला त्याचं मोल कळलं नाही.

मग फाटकाशी जीपचा आवाज आला. मी धावत बाहेर गेले. जीप वेगळीच होती, बांबू मोजायला निघालेल्या जंगलखात्याच्या लोकांची. त्यांना थांबवलं, हातापाया पडले, ते तयार झाले, मी आत आले. ती तुमच्या मांडीवर होती आणि गेलेली होती. तुम्ही तिला माझ्याकडे दिलंत. तिचं डोकं माझ्या हातात आलं, आणि तिची टाळू ओली होती. कपाळ नव्हे, कपाळावर फडकं होतं, ते ओलं असणारच. टाळू. केस चिकटलेले. आणि खिडकीतला ग्लास धुऊन मोरीवर पालथा घातलेला होता. त्या दवाखान्यात ग्लास मी धुवायची. तुम्ही कधी धुतला नव्हता.

मी विचारलं नाही. तुम्ही माझ्याकडे पाहत होता, मी विचारीन म्हणून थांबल्यासारखं. मी तिचं तोंड पुसलं आणि पदराखाली घेतलं.

तापात डोक्याला घाम फुटतो. तुम्ही फडकं परत भिजवताना पाणी वर ओघळलं असेल. ग्लास माणूस धुतो, हाताला काही काम हवं म्हणून. यातलं कोणतंही खरं असू शकतं. मी आजवर सगळी खरी मानून पाहिली आहेत.

फादरकडे तुम्हीच गेलात. तेव्हाचे फादर वयस्कर होते, नियमाचे होते, वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, बाप्तिस्मा झाला होता का. तुम्ही काय सांगितलंत ते मला माहीत नाही, मी खोलीत होते. एवढं माहीत आहे की तुम्ही परत आलात आणि म्हणालात, भिंतीच्या बाहेर, मोहाखाली. नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, 'बाहेरच बरं. बाहेर राह्याची आमाले सवय आहे.' तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि भिंतीला धरलंत. तो तुम्हाला लागावं म्हणूनच बोलला होता. मरेपर्यंत त्याला त्याचं वाईट वाटत राहिलं, हे मी तुम्हाला आज सांगते. राजुऱ्याला कोळशाच्या खाणीत लागल्यावर, छातीत धूळ भरून खाटेवर पडल्यावर, एकदा तो म्हणाला होता, 'त्या सिस्टरले मी तसं बोलाले नोको होतं.'

पण मी दुसरंही काही पाहत होते. भिंतीच्या बाहेर पुरलं, म्हणजे तुम्ही फादरला 'झाला नव्हता' असं सांगितलंत. तुम्ही खोटं बोलत नव्हता. मग पाणी टाकलं नसणार. पण तुम्ही 'झाला होता' म्हणाला असता, तर मला कळलं असतं. माझ्यासाठी तुम्ही आयुष्यात एकदा खोटं बोलला असाल का, आणि तिला त्यासाठी बाहेर ठेवलं असेल का, हे मी ठरवू शकत नाही. दर वर्षी मेलेल्यांच्या सणाला तुम्ही आतल्या प्रत्येक कबरीवर मेणबत्ती लावायच्या. बाहेर लावायचा नियम नव्हता, म्हणून लावली नाहीत. पण मेणबत्त्या लावून झाल्या की तुम्ही फाटकातून बाहेर यायच्या, झगा गुडघ्यापर्यंत खोचायच्या, आणि मोहाखालचा तरोटा उपटत बसायच्या. तण उपटण्याला कोणाचा नियम नव्हता. मी दुरून पाहायची. जवळ कधी आले नाही.

तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षांनी राजुऱ्याच्या चर्चमधली एक सिस्टर मला म्हणाली की आता तसं कोणी मानत नाही. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या लेकरांसाठी एक वेगळी जागा असते असं पूर्वी शिकवायचे, ती काही पक्की शिकवण नव्हती, आता म्हणतात देवाच्या दयेवर आशा ठेवावी. ती हे आनंदाची बातमी सांगितल्यासारखं सांगत होती. मी घरी आले आणि मला तुमचा राग नाही, तुमच्यासाठी राग आला. ज्या जागेच्या भीतीनं तुम्ही माझ्यासमोर गुडघ्यावर बसलात, ती जागाच नव्हती म्हणे. मग तुमचं ते कापणं कोणाच्या नावावर टाकायचं? माझ्या सासऱ्याला कोणी येऊन सांगितलं असतं की विहिरीचा तो नियम मुळात पक्का नव्हता, तर त्यानं काय केलं असतं, हे मला ठाऊक आहे.

पोराचं लग्न ठरवताना मी मुलीचं रक्त तपासायला सांगितलं. पोराच्यात अर्धं आहे, माझ्याकडून किंवा त्याच्या बापाकडून. मुलीची आई फणकारली, 'आमच्या पोरीत काय खोट दिसली बाई तुमाले?' मी म्हटलं, 'खोट कोणाची नाई वं बाई, रक्त आहे. माह्याही पोराचं पाह्यलं.' बोलल्यावर मला कळलं की आवाज माझा होता आणि वाक्य तुमचं. रक्त चांगलं निघालं. नात आता शाळेत जाते.

तर परवा मी तिथे पोचले. फादरनं दोन माणसं लावून मोहाखालची माती थोडी थोडी घेऊन ठेवली होती. हाडं काही नव्हती, इतक्या लहान लेकराची राहत नाहीत. मोहाचं झाडही आता राहणार नाही, त्याच्यावर खूण केलेली आहे. आत, तुमच्या कबरीच्या पायथ्याशी त्यानं एक खड्डा खणून ठेवला होता. सगळ्यांची माती एकत्र आत घेणार होता, कोणाचं पाणी झालं होतं कोणाचं नाही हे न पाहता. मग त्यानं पुस्तक उघडलं आणि थोडा घुटमळला. म्हणाला, 'आजी, एक विचारू? तुमच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला होता का? आत घेण्यासाठी नाही विचारत, आत तर घेणारच. पण दोन प्रार्थना आहेत. झालेल्या बाळाची वेगळी, न झालेल्याची वेगळी. चुकीची म्हणायला नको.'

पुन्हा तोच प्रश्न, सिस्टर. तुम्हाला विचारला होता, आता मला. रस्त्यावर ट्रक जात होते, तो आवाज संपायची वाट पाहत तो उभा होता. मला त्याला सांगता आलं असतं की टाळू ओली होती. तो म्हणाला असता, मग झाला असेल, आणि त्यानं ती पहिली प्रार्थना म्हटली असती, आणि तुम्ही शब्द मोडला होता असं त्या कब्रस्तानात, तुमच्याच पायथ्याशी, ठरलं असतं.

मी म्हटलं, 'नाई झाला. सिस्टरनं शब्द देल्ला होता.'

त्यानं दुसरी प्रार्थना म्हटली. चांगली होती, छोटी. मग मी त्रिशरण म्हटलं, तो हात जोडून उभा राहिला. माती आत गेली. तुमच्या कबरीभोवती तरोटा खूप वाढला होता. मी पदर खोचला आणि जमेल तेवढा उपटला, बाकीचा फादर कोणाकडून काढून घेईन म्हणाला.

हे पत्र तुमच्यापाशी नेऊन ठेवायचं मनात होतं, पण आता भिंत नाही, बकऱ्या आत येतात आणि कागद खातात. घरीच राहू द्यावं. शेवटचं सांगते. तुम्ही दवाखान्यात होता तोवर इतकी वर्षं मी तुमच्यासमोर रोज होते, रोज विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. आज विचारते. टाकलं होतं का, सिस्टर? आज उत्तर येणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच विचारण्याचं धाडस झालं.